विंगेतून दिसलेले अण्णा

संक्रांत जवळ आली की आमच्या भवानी पेठेच्या कोपऱ्यावर एक बाई हुरड्याची टोपली घेऊन बसते. टोपलीवर ओलं फडकं, फडक्याखाली ज्वारीचे कोवळे हिरवे दाणे. हल्ली शेतात जाऊन हुरडा खायचा तर आधी फोन करून नाव नोंदवावं लागतं. तिथं झोपाळे असतात, फोटोसाठी सजवलेली बैलगाडी असते. गेल्या वर्षी सून मला घेऊन गेली तिथं तर उंटही होता. ज्वारीच्या रानात उंट काय करतो, असं मी मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "पोरास्नी आवडतंय की." तेव्हापासून मी आपली कोपऱ्यावरच्या बाईकडून पावशेर दाणे आणते, तव्यावर परतते, शेंगाचटणी घेते आणि खिडकीत बसते.

खिडकीतून समोरची गल्ली दिसते. तिथले निम्मे माग आता बंद पडलेत, पण दुपारी दोन-चार चालू असतात. हुरड्याचा वास आणि मागांचा खटखटाट एकत्र आला की मला छत्तीस वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवतो. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, आणि रोज संध्याकाळी स्टुलावर बसून एका थोर नटाच्या तोंडाकडे बघत होते. त्या नटाचं नाव अण्णा करकंबकर.

आजच्या मुलांना हे नाव सांगितलं तर ती आईबापांकडे बघतात. आईबाप आठवून सांगतात, ते नाही का, सिनेमात मुलीचं लग्न मोडल्यावर छातीला हात लावून खुर्चीत बसायचे, ते. एवढंच उरलं. पण खुर्चीत बसायच्या आधी अण्णा घोड्यावर बसले होते, तलवार चालवली होती, झाडाखाली नायिकेची वाट बघितली होती. त्याच्याही आधी ते नाटक कंपनीचं सामान उचलत होते. मूळ गाव करकंब, वाढले कुर्डुवाडीत. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आणि अठराव्या वर्षी अण्णाही तिथंच चिकटले. एकदा एका कंपनीचं सामान कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरवून छोट्या रुळांच्या गाडीत चढवायचं होतं. रंगवलेले पडदे, लाकडी सिंहासन, मुकुटांची पेटी. अण्णा हात लावायला गेले आणि सिंहासनाबरोबर स्वतःही गाडीत चढले. पुढं वर्षभर त्यांना एकच वाक्य होतं, "महाराज, शत्रू वेशीपाशी आला." ते आठवून अण्णा म्हणायचे, "वरीसभर शत्रू वेशीपाशीच हुता. आत काय आला न्हाय."

त्यांचा आवाज वर्कशॉपमध्ये घडला होता. घणांच्या दणदणाटात ज्याला बोलता आलं त्याला नाट्यगृहाचं काय विशेष? शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटायचं, हे आपल्याच कानाशी बोलतायत. कंपनीत मोठ्या भूमिका आल्या, मग कोल्हापूरच्या स्टुडिओतून बोलावणं आलं, आणि काळ्या-पांढऱ्या सिनेमांत पंधरा-वीस वर्षं गेली. आधी नायक, मग नायकाचा मोठा भाऊ, मग काका. सिनेमा रंगीत झाला तोवर अण्णांच्या डोक्यावर पांढरा विग चढला होता. पण नाटक त्यांनी सोडलं नाही. एका निवृत्त मास्तरांचं नाटक तर त्यांनी इतकी वर्षं केलं, की लोक नाटकाचं नाव विसरून नुसतं 'मास्तरांचं नाटक' म्हणायला लागले.

आमच्या घरात कानडी बोलत. लग्न होऊन विजापूरकडून सोलापुरात आलेल्या माझ्या आईला, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, मराठीचा गंधही नव्हता. ती मराठी शिकली अण्णांच्या सिनेमांतून, दुपारच्या खेळांना जाऊन. त्यामुळे तिचं मराठी जरा राजवाड्यातलं होतं. वांगी किडकी निघाली तर ती भाजीवालीला म्हणायची, "हा विश्वासघात आहे." भाजीवाली दचकून दोन वांगी जास्त टाकायची. अण्णा पडद्यावर मरायला टेकले की शेजारच्या बायका पदर सावरून चपला शोधायला लागत. अव्वा मला खाली ओढून बसवायची आणि सांगायची, बस, तो अजून बोलणार आहे. आणि तो बोलायचा, चांगलं पाच मिनिटं.

अव्वाचा धाकटा भाऊ मल्लूमामा. शेती अक्कलकोट रस्त्याला, जीव नाटकात. गावातली हौशी मंडळी जमवून तो दरवर्षी एक नाटक बसवायचा. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तो घरी आला आणि म्हणाला, संक्रांतीनंतरच्या रविवारी मास्तरांचं नाटक करतोय, अण्णा करकंबकर येतायत. अव्वा भाकरी थापत होती, तिचा हात तसाच परातीत राहिला. एवढा मोठा माणूस आमच्या हौशी मंडळात कशाला येईल, हे मामानं चहाच्या दुसऱ्या कपानंतर सांगितलं. आदल्या वर्षी पुण्यात एका प्रयोगात अण्णा पहिल्या अंकातून एकदम तिसऱ्या अंकात गेले होते. बरोबरच्या नटांनी सांभाळून घेतलं, पण बोभाटा व्हायचा तो झाला. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. सत्तर वर्षांच्या अण्णांनी स्वतः मामाला पत्र लिहून हा प्रयोग मागून घेतला होता. पुण्याचे एक निर्माते बघायला येणार होते. प्रयोग नीट झाला तर नाटक पुन्हा उभं राहणार, नाही झाला तर अण्णा संपले असं सगळे धरून चालणार.

प्रॉम्प्टर म्हणून मामानं मला धरलं, त्याला कारण होतं. मागांच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला आवाज न काढता बोलता येतं. माग चालू असताना ओरडून उपयोग नसतो, म्हणून ओठ स्वच्छ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. शेजारच्या तेलुगू बायका दिवसभर अशाच गप्पा मारायच्या. त्यांची निम्मी भांडणं मी तेलुगू येत नसताना खिडकीतून समजून घेतली आहेत. अण्णाही वर्कशॉपचे, त्यांचंही शिक्षण तेच. पहिल्या दिवशी त्यांनी मला विंगेत बसवलं, स्वतः रंगमंचाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, आवाज न काढता काहीतरी बोल. मला काही सुचेना. मी ओठांनीच म्हटलं, तुमची चप्पल उलटी पडलीय. त्यांनी वळून चप्पल सरळ केली आणि मामाला म्हणाले, "हीच पोरगी पायजे."

मग आमची दोघांचीच पद्धत ठरली. माझं स्टूल उजव्या विंगेत, मास्तरांच्या घराच्या दाराला लागून. वाक्य हवं असेल तर अण्णा खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाला हात लावणार आणि सहज दाराकडे बघणार. मी पहिले दोन शब्द ओठांनी देणार. प्रेक्षकांना वाटणार, मास्तर मुलाची वाट बघतायत. नाटकच वाट बघण्याचं होतं, तेव्हा दाराकडे कितीदा बघितलं तरी खपून जाणार होतं. उपरण्याला हात लागल्याशिवाय मात्र ओठ हलवायचे नाहीत, काही झालं तरी नाही, असा त्यांचा दंडक. तिसऱ्या अंकातल्या पत्राच्या जागी तर नाहीच नाही.

त्या जागेसाठी लोक पुन्हा पुन्हा नाटकाला यायचे. परदेशी गेलेल्या मुलाचं पत्र येतं. मास्तर ते वाचतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि थांबतात. काहीच करत नाहीत, नुसते थांबतात. मग बायकोला सांगतात, "पत्र छान लिहिलंय. येणार नाही म्हणतो, बाकी सगळं छान आहे." किती थांबायचं, हे अण्णांचं स्वतःचं होतं. त्या थांबण्यात लोक रडायचे, आणि वाक्य आलं की टाळ्या पडायच्या.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. बाहेर थंडी, आत रॉकेलच्या स्टोव्हवर चहा. मार्गशीर्षात अण्णांचा हात उपरण्याकडे एका अंकात चार-पाचदा जायचा. पौष लागला तोवर इतक्यांदा जायला लागला, की उपरण्याचं ते टोक मळकट झालं. अव्वा ते धुऊन द्यायची, तिला वाटायचं तंबाखूचे डाग असतील. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मामा तर म्हणायचा, अण्णा दाराकडे काय सुंदर बघतात. मला मात्र वर्गात मुलींच्या वह्या तपासतानाही ते टोक दिसायचं. एकदा तालीम संपल्यावर बाकीचे चहाकडे गेले तेव्हा अण्णा माझ्या स्टुलाशी आले. रंगमंचावर शुद्ध, कातीव मराठी बोलणारा तो माणूस एरवी कुर्डुवाडीचंच बोलायचा. म्हणाले, "सुवर्णा, येकट्या तुलाच ठाव हाय. दुसऱ्या कुनाला कळलं तर मी हुबा ऱ्हाऊ शकनार न्हाय." मी मान हलवली. इतक्या मोठ्या माणसानं इतकं छोटं होऊन बोलावं, याचंच मला रडू येत होतं.

प्रयोग दुपारी चारचा. गड्ड्याची जत्रा चालू होती, गाव पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे नाट्यगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अव्वा ठेवणीतलं इरकल नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. पहिल्या दोन अंकांत अण्णांनी उपरण्याला जेमतेम हात लावला. समोर माणसं बसली की या लोकांच्या अंगात काय संचारतं देव जाणे, तालमीतले अण्णा ते हे नव्हेतच. मला वाटलं, सुटलो.

तिसरा अंक. पत्र आलं. अण्णांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि थांबले. नेहमीचं थांबणं संपलं, तरी ते थांबलेलेच. हात दोन्ही बाजूंना सुटे. मग हळूहळू त्यांनी मान वळवून दाराकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं. हात उपरण्याकडे गेला नाही.

दोन महिने मी तो चेहरा त्याच स्टुलावरून बघत होते. मास्तरांचा चेहरा मला माहीत होता, अण्णांचा माहीत होता. हा दोघांचाही नव्हता. जत्रेत आईचा हात सुटलेल्या लेकराचा असतो तसा चेहरा होता. ते वाक्य विसरले होते, आणि वाक्य मागायला उपरण्याला हात लावायचा असतो, हेही विसरले होते. मी दंडक मोडला. ओठांनी म्हटलं, 'पत्र छान.' ते बघत राहिले. पुन्हा म्हटलं. काही नाही. सगळं नाट्यगृह गप्प, खोकलासुद्धा कुठं नाही. तिसऱ्यांदा मी पहिलीतल्या मुलीला शिकवावं तसं एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी परत आलं. ते बायकोकडे वळले आणि बोलले, "पत्र छान लिहिलंय. येणार नाही म्हणतो, बाकी सगळं छान आहे." प्रत्येक शब्द बरोबर आहे का याची खात्री नसल्यासारखे, चाचपडत बोलले. आणि लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मी स्टूल धरून बसले.

प्रयोगानंतर आत ही गर्दी. कुणी पाया पडतंय, कुणी नुसतंच रडतंय. पुण्याच्या निर्मात्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, असं थांबणं मी जन्मात बघितलेलं नाही, शिवरात्रीनंतर पुण्यात सुरू करू. अव्वा घरी जाईपर्यंत एकच सांगत होती, तो दाराकडे बघत होता तेव्हा मला वाटलं, आता पोरगा येतोच. मी हो हो म्हणत चालले होते.

ते थांबणं अजून गावात सांगितलं जातं. मागच्याच आठवड्यात एका तरुण मुलाचा फोन आला, अण्णांवर कार्यक्रम करतायत म्हणे. त्यानं आजोबांकडून ऐकलं होतं. तो पॉज नेमका किती होता, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, माझ्याकडे घड्याळ नव्हतं. त्या वेळी अण्णांच्या मनात काय चालू असेल, मॅडम? मी म्हणाले, बहुतेक काहीच नाही. हे उत्तर त्याला फार आवडलं. वाक्य लिहून घेतो म्हणाला, आणि त्यानं लिहून घेतलं.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मामानं सगळ्यांना शेतावर हुरड्याला नेलं. गोवऱ्यांची आगटी पेटली होती, मामाच्या रानातली कामाची बाई गरम कणसं हातावर चोळून दाणे पुढं करत होती, कानडीत "तिन्री, तिन्री", खा, खा करत होती. निर्माते खुशीत होते, संध्याकाळच्या गाडीनं निघायच्या आत त्यांना अण्णांचा होकार हवा होता. अण्णांनी मला विहिरीच्या कडेला बोलावून घेतलं.

"खरं सांग," ते म्हणाले. "कालची ती जागा मी घेतली, का गेली?"

मला प्रश्न कळला, ते थांबणं मुद्दाम होतं की वाक्यच हरवलं होतं. घेतली असं मी म्हणाले असते तर ते पुण्याला जाणार होते. तिथल्या विंगेत मी नसणार, उपरण्याचं टोक ओळखणारं कुणी नसणार, आणि एक दिवस तो चेहरा हजार माणसांना दिसणार होता. गेली म्हणाले तर पन्नास वर्षांचं सगळं काम आज, इथं, या विहिरीपाशी संपणार होतं. चोविसाव्या वर्षी माणसाला असलं काही विचारू नये. माझ्या एका हातात गरम कणीस होतं, ते चटके देत होतं आणि खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.

"गेली होती, अण्णा," मी म्हणाले. "तुम्ही उपरण्याला हातसुद्धा लावला नाहीत."

माझ्या हातातलं कणीस घेऊन त्यांनी तळहातावर चोळलं, फुंकर मारून फोलपटं उडवली. मग म्हणाले, "इतकी वर्सं ती जागा मी घेत आलो. जीव वतून घेत आलो. येवड्या टाळ्या कदी पडल्या न्हाईत. काल मी तितं नव्हतोच, आन् कालच मानसं हुबी ऱ्हायली." आणि ते हसले. खरंच हसले, आगटीजवळचे लोक वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं. मला रडू फुटलं. त्यांनी ते दाणे माझ्या ओंजळीत घातले आणि म्हणाले, "खा. गार हुतंय."

निर्मात्यांना त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. मामा पुढं कितीतरी वर्षं अण्णांच्या गुडघ्यांना शिव्या देत होता, आणि मी ऐकून घेत होते. मामा गेला, अव्वा गेली, दोघांनाही मी खरं सांगितलं नाही. आजही हुरडा तव्यावर टाकला की वाटतं, खोटं बोलले असते तर त्या माणसाला अजून एक-दोन वर्षं मिळाली असती. नाटकाशिवाय त्यांना दुसरं काय येत होतं? मग तो चेहरा आठवतो, आणि वाटतं, बरं केलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. छत्तीस वर्षांत निकाल लागलेला नाही, आणि आता लागेल असं वाटत नाही.

चारेक वर्षांनी, याच दिवसांत, मी हुरड्याची पिशवी घेऊन कुर्डुवाडीला गेले. अण्णा पुतण्याकडे राहत होते. अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते, दाढी वाढलेली, पण पाठ ताठ. पुतण्याच्या बायकोनं दारातच सांगितलं, आता कुणालाच वळखत न्हाईत, मनाला लावून घेऊ नका. मी समोर बसले. नाव सांगितलं, सोलापूर सांगितलं. ते सभ्यपणे ऐकत राहिले. मग मी आवाज न काढता ओठांनी म्हटलं, 'पत्र छान.' त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, पण तिथून काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

तेव्हा मी सगळं वाक्य मोठ्यानं म्हटलं. आधी ते थांबायचे तशी थांबले, मग म्हटलं. "पत्र छान लिहिलंय. येणार नाही म्हणतो, बाकी सगळं छान आहे."

त्यांनी मान जराशी कलती करून शेवटपर्यंत ऐकलं.

"छान बोलतेस, बाई," ते अगदी शुद्ध, रंगमंचावरच्या मराठीत म्हणाले. "कुठल्या कंपनीत असतेस?"

"तुमच्याच, अण्णा."

त्यांनी थोडा विचार केला.

"मग तालमीला वेळेवर येत जा," ते म्हणाले.